आबांच्या बंदुकीची डावी कळ

मला कुठलीही वस्तू द्या, मी ती उघडून दाखवतो! घड्याळ, शिवणयंत्र, सायकलचा पंप, दाराचं कुलूप, काहीही! उघडायची, आत काय आहे ते मुलांना दाखवायचं आणि होती तशी पुन्हा बंद करायची. शाळेत मी आयुष्यभर हेच केलं. तिथे त्याला विज्ञान म्हणायचे, म्हणून पगारही मिळाला. निवृत्त झालो, शाळा सुटली, खोड मात्र सुटली नाही. आता माझ्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली आहे, माझी नात. पण ती एकटी अख्ख्या वर्गाला भारी आहे. बाकीची मुलं प्रश्न विचारून उत्तराची वाट तरी बघायची. हिचा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पाठीवर बसून येतो!

तर गोष्ट आहे बंदुकीची. घाबरू नका, कोणाला काही लागलं नाही. लागलं ते फक्त मला, तेही मनाला.

बंदूक माझ्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. दोन नळ्यांची, जुनी, दोन्ही बाजूंना बाहेरून दोन घोडे, सावध कुत्र्याच्या कानांसारखे. या बंदुकीने आबांनी आजवर एक चिमणीही मारलेली नाही. तिला काम वर्षातून एकदाच. आमच्या शाळेच्या मुलांची तळ्याभोवती धावण्याची शर्यत असते, ती आबांच्या बारावर सुटते. पहिला बार उजव्या नळीचा. तो झाला की सगळ्यांनी रेषेवर येऊन गुडघा टेकायचा. मग आबा शांतपणे तळ्यावरून एकदा नजर फिरवतात आणि काढतात दुसरा बार, डाव्या नळीचा. म्हणजे पळा! काडतुसात नुसती दारू असते, छर्रे नसतात, आणि नळ्यांचं तोंड सरळ आभाळाकडे. दुसऱ्या बाराआधी जो उठला तो बाद! ही शिस्त इतकी मुरली आहे, की आमच्याकडची मोठी माणसंसुद्धा कुठे टायर फुटला तरी गुडघा टेकायच्या बेतात येतात.

यंदा आबांनी दोन्ही मुली आणि दोन्ही जावयांना समोर बसवून सांगितलं, "हात थकले आता. हा माझा शेवटचा बार. पुढच्या वर्षीपासून दोन जावयांपैकी एकाने काढायचा. कोणी, ते शर्यतीच्या दिवशी सांगेन."

खरं सांगतो, मला तो बार हवा होता. फार हवा होता! उभा जन्म मैदानावर घसा फोडून ओरडलो, "रांगेत उभे राहा!" कोणी राहिलं नाही. आणि आबा एक बोट हलवतात तर सगळी शाळा गुडघ्यावर! एकदा तरी आपल्या बोटाने असं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण दुसरा जावईही होता ना! माझा साडू. त्याचं भोंगे आणि माईक भाड्याने देण्याचं दुकान आहे. आवाज म्हटलं की आपलाच प्रांत, असं त्याला मनापासून वाटतं. जेवायला बसल्यावर मीठसुद्धा "सर्वांनी कृपया लक्ष द्यावे" अशा सुरात मागतो.

आबांनी दोघांना एकेक काम वाटून दिलं. साडूने मैदानावर भोंगे लावायचे. आणि मला म्हणाले, "जावईबापू, डावा घोडा हल्ली जरा जड पडतोय. आतली कळ उघडा, साफ करा, तेल द्या. उजवीला हात लावू नका, ती ठणठणीत आहे."

परीक्षाच ही! आणि पेपर माझ्या हातखंडा विषयाचा! मी साडूकडे बघितलं. त्याचा चेहरा वायर सुटल्यासारखा झाला होता.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, बंदूक ठेवली आणि नातीला हाक मारली.

"पहिला धडा," मी म्हणालो. "बंदूक हातात आली की आधी काय बघायचं?"

"कोणाची आहे ते."

"भरलेली आहे का ते!" मी नळ्या बिजागरीवर खाली वाकवल्या. "बघ आत. काय दिसतंय?"

"खिडकी दिसते. खिडकीत कावळा दिसतो. आजोबा, दोन नळ्यांत दोन कावळे दिसतात!"

"म्हणजे रिकामी आहे. काडतुसं आबांच्या कपाटात, कुलपात. आता पुढे जायला हरकत नाही."

माझी पद्धत अशी, की एका पुठ्ठ्यावर वस्तूचं चित्र काढायचं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून तो खोचायचा. म्हणजे स्क्रू हरवत नाही आणि शेजारच्याच्या घरात घुसत नाही. डाव्या बाजूची पट्टी सुटून हातात आली. आतल्या अंगाला सगळं यंत्र बसवलेलं. काळं, चिकट, जुन्या तेलाने माखलेलं!

"ही दुमडलेल्या चिमट्यासारखी आहे ती स्प्रिंग," मी सांगू लागलो. "ही घोड्याला सारखी पुढे ढकलत असते. आणि ही छोटी जीभ घोड्याच्या खाचेत अडकून त्याला धरून ठेवते. चाप ओढला की जीभ सुटते आणि घोडा पडून बार उडतो. कळलं?"

"कळलं. म्हणजे इथे स्प्रिंग ढकलते आणि जीभ अडवते."

"शाब्बास!"

"आपल्या घरात उलटं आहे. आजीची जीभच ढकलते."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला.

रॉकेल आणि ब्रशने आम्ही एकेक तुकडा धुतला. आतलं लोखंड चकचकीत निघालं, तेव्हा नातीच्या डोळ्यांत जी चमक आली, तिच्यासाठी मी आणखी दहा बंदुका उघडल्या असत्या. सगळं पुन्हा पट्टीवर बसवलं. आता राहिलं तेल. कोणीही ऐरागैरा इथे तेलाची बाटली उपडी करून मोकळा झाला असता. पण मी मास्तर!

"तेल कुठे द्यायचं?" मी विचारलं.

"सगळीकडे."

"चूक! जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथेच. आणि कुठे घासतं ते कसं कळणार?"

"कसं?"

मी खिशातून खडू काढला. हो, अजूनही माझ्या खिशात खडू असतो. काहींच्या खिशात औषधाच्या गोळ्या असतात, माझ्या खिशात हा. दोन खडू कुटून, वस्त्रगाळ करून मी ती पूड सगळ्या यंत्रावर भुरभुरली. यंत्र पांढरंशुभ्र झालं. मग घोडा हळूहळू मागे घेतला, अंगठ्याने धरून हळूहळू पुढे सोडला. जिथे जिथे घासलं तिथे तिथे खडू पुसला गेला आणि खालचं लोखंड चमकलं.

"आजोबा!" नात टाळ्या पिटत ओरडली. "घासतंय ते दिसतंय!"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, बार तर माझाच, पण आबांनी तळंसुद्धा माझ्या नावावर करावं!

"आता हा खडू पुसायचा ना?" तिने विचारलं.

"पुसू. आधी नीट बघून घे."

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. साडू!

"मास्तर, ऐका! तीन भोंगे लावतोय! एक अलीकडे, एक पलीकडे, एक झाडावर! आबांचा बार तळ्याच्या टोकालासुद्धा अगदी शेजारी उडाल्यासारखा ऐकू जाईल! माईक मी आबांच्या थेट हनुवटीखाली ठेवणार!"

"बार हा बंदुकीचा असतो, साडूभाऊ. भोंग्याचा नव्हे."

"ऐकूच गेला नाही तर बार कसला? तो नुसता धूर!"

"आणि बंदूक उडालीच नाही तर माईकमधून काय ऐकवणार, तुमचा खोकला?"

असं बराच वेळ चाललं. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. त्याच तिरीमिरीत मी टेबलाशी आलो. "तेल आण," मी नातीला म्हणालो.

मशीनच्या तेलाची डबी रिकामी होती. पण बंदुकीच्या लाकडी दस्त्याला चोळण्यासाठी मी जवसाचं तेल आणून ठेवलं होतं, त्याची बाटली समोरच होती. मी ती उघडली.

बायको पदराला हात पुसत दारात आली. "अहो, ते लाकडाचं आहे ना?"

"अगं, तेल ते तेल! लाकडाला चालतं ते लोखंडाला धावेल."

"आजोबा, तो खडू..."

"आता मध्ये बोलायचं नाही. तेल देताना हात स्थिर लागतो."

मी सहसा मुलांचा प्रश्न अडवत नाही. त्या दिवशी अडवला. सढळ हाताने तेल सोडलं, घोडा चार वेळा मागेपुढे केला, पट्टी जागेवर बसवली, स्क्रू आवळले आणि तेल चांगलं आत भिनावं म्हणून बंदूक दुपारभर खिडकीतल्या उन्हात ठेवली. एकही स्क्रू उरला नाही! माझ्या इतिहासात हे फार कमी वेळा घडलेलं आहे.

संध्याकाळी आबांकडे बंदूक घेऊन गेलो. आबांनी डोळे मिटले, डावा घोडा अंगठ्याने मागे घेतला, तसाच धरून पुढे सोडला. पुन्हा एकदा. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"लोणी!" आबा म्हणाले. "जावईबापू, लोणी झालंय नुसतं!"

आणि त्यांनी बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं. एकदा ठेवली की शर्यतीच्या दिवसापर्यंत बाहेर काढायची नाही, विनाकारण घोडा खेळवायचा नाही, हा आबांचा नियम. शर्यतीला पंधरवडा होता. तो पंधरवडा मी जमिनीवरून चाललो असेन असं मला वाटत नाही.

शर्यतीच्या दिवशी मी नवा शर्ट घालून आबांच्या उजव्या हाताला उभा राहिलो. डाव्या हाताला साडू. आबांच्या हनुवटीखाली माईक, तीन ठिकाणी तीन भोंगे. शाळेच्या मोठ्या बाई शिट्टी गळ्यात अडकवून रेषेपाशी. तळ्याकाठी आईबाप, शेजारीपाजारी, दुकानदार. त्यातले निम्मे माझे जुने विद्यार्थी! मुलांच्या रांगेत आमच्या बाजूच्या टोकाला माझी नात, केस घट्ट बांधून.

आबांनी काडतुसं भरली. उजवा घोडा मागे घेतला, टक! डावा घेताना जरा थांबले. अंगठा पांढरा पडेपर्यंत ओढला, तेव्हा कुठे आला.

"घट्ट झालाय का हो?" आबांनी विचारलं.

"तेल मुरलंय, आबा," मी म्हणालो.

हे वाक्य तिन्ही भोंग्यांतून गेलं. तळ्याच्या टोकाला म्हशी धूत असलेल्या माणसानेही मान वर करून बघितलं. साडूने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं.

धडाम! पहिला बार. सगळी मुलं गुडघ्यावर! शांतता. आबांनी तळ्यावरून नजर फिरवली. चाप ओढला.

काही नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. घोडा निघाला होता. पण गुडघेदुखीचा माणूस जिना उतरावा तसा निघाला! थोडा आला, थांबला, पुन्हा अंमळ आला आणि अर्ध्या वाटेत बसकण मारून बसला.

"आबा," मी हळूच म्हणालो, "मी अंगठ्याने मागे घेऊ का?"

"अंगठा लावायचा नाही! चाप ओढला आणि बार झाला नाही, तर तोंड आभाळाकडे ठेवायचं आणि वाट बघायची. कोणीही जवळ यायचं नाही. मुलांनो, जागचे हलू नका!"

आबा बंदूक आभाळाकडे धरून उभे. मुलं गुडघ्यावर. मोठ्या बाई शिट्टी तोंडाशी नेऊन तशाच. वाराही आबांना विचारूनच वाहत असावा, इतकी शांतता!

"जावईबापू," आबा आभाळाकडे बघतच म्हणाले, "आत काय घातलंत?"

माईक हनुवटीखाली! मी हाताने साडूला खूण केली, बंद करा, बंद करा! साडूला वाटलं, मी आवाज वाढवायला सांगतोय. त्याने वाढवला.

"तेल," मी म्हणालो. तेल, तेल, तेल, असं तळं म्हणालं.

"कसलं तेल?"

"चांगलं होतं, आबा."

"कसलं ते विचारतोय मी!"

मी शर्टाचं बटण चाचपू लागलो. पण गर्दीतून माझ्या बायकोचा आवाज आला. तिला माईकची गरज कधीच पडलेली नाही.

"जवसाचं, आबा! लाकडाला चोळायचं! मी म्हटलं होतं यांना!"

"जवसाचं तेल? कळीत?" आबांचा आवाज चढला, बंदूक मात्र हलली नाही. "अहो, पण नुसत्या जवसाच्या तेलाने इतकं घट्ट होत नाही. आणखी काय घातलंत?"

"आणखी काही नाही हो!"

"खडू!" रांगेच्या टोकाकडून बारीक आवाज आला. गुडघा रेषेवर, पण तोंड आमच्याकडे वळवून माझी नात ओरडत होती. "आजोबा, तुम्ही खडू पुसलाच नाही! मी सांगत होते!" मग ती एकदम थांबली. तिचे डोळे मोठे झाले. त्या डोळ्यांतली ती चमक मी ओळखतो. मुलाला एखादी गोष्ट स्वतःहून उमगली की ती येते. आयुष्यभर मी तिच्याच शोधात होतो. त्या दिवशी ती नसती आली तरी चाललं असतं!

"आजोबा! खडू आणि जवसाचं तेल म्हणजे तर लांबी! खिडकीची काच बसवायची! तुम्हीच शिकवली होती!"

तळ्याकाठी क्षणभर सगळे विचार करताना दिसले. मग मागून कोणीतरी, बहुतेक किराणा दुकानवाला, आठवून आठवून म्हणाला, "खडूची पूड बारीक चाळावी..."

"जवसाचं तेल थेंबाथेंबाने घालावं!" दुसऱ्या बाजूने चारपाच जण.

आणि मग सगळेच! गेल्या कित्येक वर्षांचे माझे विद्यार्थी, टक्कल पडलेले, पोट सुटलेले, कडेवर पोरं घेतलेले, एका सुरात, माना डोलावत!

"मऊ गोळा होईस्तोवर मळावं! फटीत दाबून भरावं! उन्हात ठेवलं की दगड!"

इतकं चोख पाठांतर मी परीक्षेच्या आदल्या दिवशीही ऐकलेलं नाही.

"उन्हात ठेवली होती का?" आबांनी विचारलं.

"थोडा वेळ," मी म्हणालो.

"दुपारभर!" बायको.

आबांच्या मिशा हलल्या. मी पुढे होऊन त्यांच्या कोपराला आधार द्यायला गेलो. "हात काढा!" ते म्हणाले. मी काढला.

मोठ्या बाईंना आता मुलांची दया आली. "मुलांनो," त्या म्हणाल्या, "पाय दुखत असतील तर सावकाश उठा, जरा मोकळे व्हा."

काही उठली. काहींना दुसऱ्या बाराशिवाय उठायची भीती वाटली, ती तशीच राहिली. दोघं जण वाकून बुटाचे बंद बांधू लागले. आमच्या टोकाची मुलं नातीसारखी वळून, गुडघ्यावरच बसून, पुढची मजा ऐकत होती. आणि या संधीची वाटच बघत असल्यासारखा साडू पुढे सरसावला. माईक उचलून आबांच्या हनुवटीखालून स्वतःच्या हनुवटीखाली नेला.

"सर्वांनी कृपया लक्ष द्यावे! तांत्रिक कारणामुळे..."

पण आवाज त्याने मघाशी वाढवून ठेवला होता ना! तिन्ही भोंगे एकदम किंचाळले! कूंऽऽई! डोक्यातून सुई आरपार जावी तशी शिट्टी! आबा दचकले, बंदुकीला हिसका बसला, आणि अर्ध्या वाटेत बसलेल्या घोड्याने उरलेली वाट एका दमात कापली.

धडाम!

बार झाला म्हणजे पळायचं! मुलांना दुसरं काही माहीतच नाही! जी तळ्याकडे तोंड करून होती ती सरळ पळाली. आणि जी आमच्याकडे तोंड करून बसली होती, तीही सरळच पळाली, म्हणजे आमच्यावरून! माझी नात बाणासारखी माझ्या बगलेखालून गेली, तिच्यामागे निम्मी शाळा! साडू माईकच्या वायरीत गुरफटून खाली बसला. बुटाचे बंद बांधणारे दोघे एकमेकांच्या बुटाला बंद बांधल्यासारखे जोडीने लोळले.

"अरे, उलटे चाललात!" मोठ्या बाई शिट्टी फुंकत ओरडल्या. पण शिट्टीला कोण विचारतो? शर्यत बारावर सुटते, आणि बार झाला होता!

तळं मधे, एक शाळा या काठाने, दुसरी शाळा त्या काठाने. आम्ही सगळे टाचा उंचावून बघत राहिलो. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला एक अरुंद सांडवा आहे. दोन्ही फौजा त्यावर समोरासमोर आल्या. लांबून आवाज ऐकू येत नव्हता, पण हातवारे दिसत होते. तुम्ही उलटे! नाही, तुम्ही उलटे! काहींना पटलं, ती माघारी वळली. काहींना नाही पटलं, ती वाट काढून पुढे घुसली. शेवटी कोण कोणत्या बाजूने निघालं होतं आणि कोण कोणत्या बाजूने येतंय, हे सांगायला देवही गोंधळला असता. मोठ्या बाई फीत धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान फिरवत होत्या, टेबलफॅनसारख्या!

फितीला माझी नात एका बाजूने भिडली आणि पोस्टमनचा मुलगा दुसऱ्या बाजूने. फीत दोघांच्या मधोमध, नाकाला नाक!

"मी पहिली!"

"मी पहिला! तू उलटी आलीस!"

"तळं गोल आहे!" माझी नात धापा टाकत म्हणाली. "कुठूनही पळालं तरी अंतर तेवढंच!"

मोठ्या बाई विचारात पडल्या. त्याही माझ्याच विद्यार्थिनी. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "दोघंही पहिले."

माझी छाती भरून आली. पण ती भरलेली छाती घेऊन आता आबांपुढे जायचं होतं.

आबांनी नळ्या वाकवून रिकामी काडतुसं काढली होती आणि बंदूक कडेवरच्या बाळासारखी हातावर घेतली होती. मी आणि साडू समोर उभे राहिलो. साडूच्या खांद्यावर अजून वायर होती.

"आबा," मी म्हणालो, "चूक माझी आहे. खडू पुसायचा राहिला. तेल चुकीचं घातलं. पोरगी सांगत होती, तिचं ऐकलं नाही. बार तुम्ही यांनाच द्या."

"नाही नाही," साडू म्हणाला, "म्हणजे, द्या. पण मास्तरांनी मुद्दाम केलं नसावं."

"जावईबापू," आबा म्हणाले, "मघाशी चाप ओढल्यापासून भोंगे किंचाळेपर्यंत बंदूक कोणी धरली होती?"

"तुम्ही, आबा."

"कोणाचा आधार घेतला?"

"कोणाचाच नाही."

"माझा हात हलला?"

मी आठवून बघितलं. मुलं थकली, बाई थकल्या, मीही थकलो. आबांचा हात हलला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं," आबा म्हणाले. आवाजात नवल होतं आणि एखाद्या मुलाला पोहता येतंय असं अचानक कळावं तसा आनंद. "घरी सगळ्यांनी मिळून मला सांगितलं, आबा, हात थकले, आता बसा. मीही मानलं. एवढा वेळ बंदूक पेलायची वेळच कधी आली नव्हती! तुमच्या लांबीमुळे कळलं. हात अगदी शाबूत आहेत माझे! मग मी कशाला सोडू? आणखी दहा वर्षं बार मीच काढणार!"

"दहा?" मी आणि साडू एकदम म्हणालो.

"कमी वाटतात का?"

"नाही नाही!"

"आणि तुम्ही," आबा साडूला म्हणाले, "पुढच्या वर्षी भोंगे नकोत. आमच्या घरात कोणतं तेल कशाला वापरतात, ते म्हशींनासुद्धा कळलं." मग त्यांनी नातीला हाक मारली. "ये गं इकडे. डावी कळ आता तू साफ करायची. मी समोर बसेन. लांबी कशी काढायची, येतं का?"

"रॉकेलमध्ये भिजवायची, लाकडाच्या काडीने खरवडायची, आणि पुसल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"वा! कोणी शिकवलं?"

नातीने माझ्याकडे बघितलं. "पहिल्या दोन गोष्टी आजोबांनी," ती म्हणाली.

गर्दी पांगली. बायको आणि मेहुणी आबांना दोन्ही बाजूंनी धरायला गेल्या, तर आबा त्यांचे हात सोडवून बंदूक खांद्यावर टाकून ताडताड पुढे निघून गेले. मागे राहिलो आम्ही दोघं जावई आणि झाडावरचा तिसरा भोंगा. तो उतरवला. एकट्याला उचलेना, म्हणून एक बाजू साडूने धरली, एक मी. थोडं चाललो की टेकवायचा, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा.

तिसऱ्यांदा टेकवला तेव्हा साडू घाम पुसत म्हणाला, "मास्तर, दहा वर्षांनी आबा बार सोडतील. तेव्हा आपण दोघं केवढे असू हो?"

मी मनातल्या मनात बेरीज केली. माझं गणित पक्कं आहे. उत्तर लगेच आलं.

"उचला," मी म्हणालो. "अजून बरंच लांब जायचंय."